दोन कुंड्या, पहिली उचल

॥ श्री ॥

सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
रविवार, २० जुलै २०२५

चि. सौ. ज्योतीस,
दादाचे आणि वहिनीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. पावसाळा आला की सुलभाचा गुडघा कुरकुरतो, तसा यंदाही कुरकुरतोय. ती त्याच्याशी आणि माझ्याशी एकाच आवाजात बोलते. पाऊस लागल्यामुळे शेतातले पंप बंद आहेत, म्हणून दुकानात हाताला काम कमी आणि तोंडाला जास्त. अश्विनीचं कॉलेज सुरू झालं असेल. तिला सांग, मामाने विचारलंय.

तू म्हणशील, फोन सोडून दादाला पत्र कुठून सुचलं? फोनवर तू ‘हं’ म्हणतेस. मग परत ‘हं’. पस्तीस वर्षं मोटारीला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावत आलोय मी. कुठलं बेअरिंग गेलंय ते उघडायच्या आधी सांगतो. तुझ्या ‘हं’मधली घरघर मला ऐकू येत नसेल का? पण ते पुढे. आधी झाडाचं सांगतो.

आईच्या पंचाहत्तरीला तू इंदूरच्या दुकानातून ऑर्किड आणलं होतंस. आईने पाकळी दोन बोटांत धरून पाहिली आणि म्हणाली, “ज्योते, ही फुलं तर कागदाची आहेत. अण्णांच्या कागदाच्या मिलमधून उचलली का गं?” खरी आहेत कळल्यावर रोज सकाळी त्यांना विचारायची, “आहात का अजून?” ती होती. आईच गेली. तेराव्याच्या दिवशीही सात फुलं होती, मी मोजली होती.

मग फुलं गळली. दांडा वाळला. मी फेकायला निघालो होतो, सुलभानं हातातून घेतलं आणि आईच्या खिडकीत ठेवलं. दोन उन्हाळे ते कूलरच्या ओल्या हवेवर जगलं. यंदा जूनमध्ये पानं मलूल दिसली, तेव्हा मला वाटलं, आता आपण लक्ष घालावं. आणि मी लक्ष घातलं की काय होतं ते तुला माहीत आहे.

मोठी कुंडी आणली. त्यात शेतातली काळी माती, त्यात शेणखत, वर दोन तांबे पाणी. आपल्याकडे केळी अशीच लावतात, मग हे कोण मोठं लागून गेलं! पंधरा दिवसांत खालचं पान पिवळं पडून गळालं.

टिश्यू कल्चरची केळीची रोपं करतो ना तो नीलेश, त्याचा पंप मी बसवून दिलाय, तो आला होता. कुंडी बघून त्यानं कपाळाला हात लावला. “अरे काका, ये केला थोडी है! हे झाडावर बसणारं झाड. मुळांना माती नको, हवा पाहिजे. तुम्ही जिवंतपणी पुरलं याला!”

सुलभा आतून म्हणाली, “त्यांना सवय आहे.”

मी ऐकलं. आणि ऐकलंच नाही असं केलं. ही माझी दुसरी सवय.

नीलेशनं बसवलं मला अंगणात. माती धुऊन काढली. कुजलेली मुळं दाबली की पोकळ लागतात, चांगली भरीव. पोकळ तेवढी कापली, कात्री गॅसवर तापवून. कापलेल्या जागी दालचिनीची पूड. सुलभा म्हणाली, “मसालेभातात घालताना जीव जातो यांचा, आता बघा कसे उधळतायत!” मधोमध शेवाळाचा एक घट्ट गोळा होता, नर्सरीतला, अजून जाळीच्या टोपलीसकट. तो सोडवला आणि नीलेश हसला. “काका, हे एक नाही. दोन आहेत.”

खरंच दोन रोपं होती, ज्योती. कुंडी भरगच्च दिसावी म्हणून दुकानवाले एकीत दोन कोंबतात म्हणे. दीड वर्ष आपण एकच समजत होतो.

मी चाकू उचलला. केळीच्या बुडाशी फुटलेलं पील वेगळं करायचं तर पहारीचा एक घाव, काम झालं. नीलेशनं हात धरला. “चाकू नही. कोमट पाणी घ्या, आणि टाइम घ्या.” दोन तास बादलीत हात घालून एकेक मूळ सोडवलं. तरी दोन तुटली. कोवळी शेंग मोडल्यासारखा बारीक आवाज झाला.

मग दोन कुंड्या. मोटार रिवाइंडिंगच्या तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं प्लास्टिकला भोकं पाडली, कोळसा, झाडाच्या सालीचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या घातल्या. एका रोपाला चार पानं, एकाला दोन. नीलेश गेला. मी सुलभाला म्हटलं, “हे लहान ज्योतीला पाठवू. मोठं राहू दे इथं, आईच्या खिडकीत.”

ती एवढंच म्हणाली, “परत?”

ज्योती, त्या एका शब्दानंतर मी तो आठवडा दुकानात नुसता बसून होतो.

आता ते लिहितो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुला हक्कसोडीच्या सहीला नेलं. बहिणी सोडतातच, वरचा मजला मी बांधला, घर माझंच आहे, असं मी कुणाला ना कुणाला सांगत होतो. तू विचारलंसुद्धा नाहीस. सही केलीस. कचेरीचा जिना उतरताना अश्विनीनं तुला हळूच विचारलं, “मम्मी, आता आजीच्या घरी यायचं ना?” तू म्हणालीस, “यायचं. आधी फोन करून.”

तुला वाटलं, मी पुढे निघून गेलोय. मी ऐकलं होतं. घसा खाकरून रिक्षाला हाक मारली. त्या दिवाळीत तुझा फोन आला, “दादा, येऊ का?” असं तू जन्मात कधी विचारलं नव्हतंस. त्यानंतर तू आलीच नाहीस.

तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. खकनारच्या शेताची वाटणी झाली तेव्हा अण्णांनी दोरी धरून दोन वाटे पाडले आणि काकांना म्हणाले, “उचल.” आपल्यात रीतच आहे, वाटे थोरल्यानं पाडायचे, पहिली उचल धाकट्याची. ती फक्त भावाभावांत धरायची, असं अण्णा कधी म्हणाले नव्हते. ते मी परस्पर ठरवलं.

वकिलाकडे जाऊन आलो. सोडलेला हक्क तसा परत जोडता येत नाही, पण मी तुला बक्षीसपत्र करून देऊ शकतो. घराचे दोन वाटे पाडलेत, वरचा मजला धरून. एक रस्त्याकडचा, दुकानाच्या शटरसकट. दुसरा मागचा, आईची खोली आणि अंगणासकट. कागद तयार आहे, कुठला वाटा ती जागा कोरी ठेवलीय. मला कुठला हवाय ते सुलभाला ठाऊक आहे. तिला विचारू नकोस.

तू सगळं विसरावंस म्हणून हे नाही. बादलीत हात घालून बसायला मला आत्ता सुचलंय, दोन मुळं तुटली ती तुटलीच.

झाडं दोन्ही आईच्या खिडकीत आहेत. मोठ्याला मुळाचं हिरवं टोक आलंय. आणि गंमत म्हणजे लहान्याला काल नवं पान फुटलं, नखाएवढं. आता कुठलं चांगलं ते मलाही सांगता येत नाही. म्हणून पाठवत नाहीये. येऊन उचल.

फोन करू नकोस. नुसती ये.

तू उचलेपर्यंत दोन्ही कुंड्यांना सारखंच पाणी घालणारा,
तुझा दादा