मावशी हे नाते यादीत नसल्याबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
परीक्षा विभाग, मुख्य इमारत, दुसरा मजला,
विद्यापीठ कार्यालय.

विषय : व्यवसाय व्यवस्थापन पदवी, अंतिम वर्ष, ‘मनुष्यबळ व्यवस्थापन’ या विषयाची मावशीच्या निधनामुळे हुकलेली तोंडी परीक्षा पुन्हा घेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज. २) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर, ‘मावशी हे नाते यादीत नाही.’ ३) खिडकीवरील लिपिकांची तोंडी सूचना, ‘साहेबांना सगळं सविस्तर लिहा, काही गाळू नका.’

महोदय,

अर्जदार ही आपल्या विद्यापीठात व्यवसाय व्यवस्थापनाच्या अंतिम वर्षात शिकते. ‘सारखं मी मी लिहू नका, अर्जदार लिहा,’ असे लिपिकांनी सांगितल्यावरून येथे तसे लिहिले आहे. तसे लिहिणे अर्जदाराला सोपेही गेले.

अर्जदार भिंत धरून चालू लागली त्या सुमारास तिचे वडील वारले. आईचे वय लहान होते. पुढे आईचे दुसरे लग्न जमले, परंतु पहिल्या घरचे मूल त्या घरी चालणार नाही असे मध्यस्थाचे म्हणणे पडले. आईची थोरली बहीण, जिचा स्वतःचा संसार मोडला होता आणि जिला मूलबाळ नव्हते, तिने अर्जदाराला कडेवर घेतले व ‘ही राहील माझ्याकडे, तू जा,’ असे सांगितले. नव्या घरी अर्जदाराची ओळख ‘थोरलीची मुलगी’ अशी करून देण्यात आली. या व्यवहाराचा कोणताही कागद झालेला नाही. बहीण बहिणीकडे मूल ठेवते तेव्हा कोणी मुद्रांक आणायला जात नाही.

ही थोरली बहीण म्हणजे अर्जदाराची मावशी. लहानपणी अर्जदाराने तिला एकदा आई म्हणून हाक मारली, तेव्हा ती म्हणाली, ‘आई आहे तुला. मी मावशी. मावशी काय कमी असते का?’ त्यानंतर अर्जदाराने तिला दुसरे काही म्हटले नाही.

मावशी एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाई विभागात कामाला होती आणि तिथल्याच कर्मचारी वसाहतीतील एका खोलीत दोघी राहत. अर्जदाराने व्यवस्थापन शिकायचे ठरवले तेव्हा मावशीने विचारले, ‘माणसं सांभाळायचं शिक्षण असतं होय? मग शीक बाई. आमच्याकडे कुणालाच येत नाही.’ धुलाई विभागात तिने सर्वांना सांगून ठेवले होते की पोरगी लवकरच टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसणार आहे.

आपणास विदित आहेच की या विषयाच्या तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला मनुष्यबळ अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसवतात आणि परीक्षक समोर तक्रारदार कर्मचारी होऊन येतात. अर्जदाराच्या सरावासाठी रोज संध्याकाळी मावशी तक्रारदार होई. आधी दाराबाहेर जाऊन ती कडी वाजवी. ‘येऊ का साहेब?’ असे विचारून आत येई आणि खाटेच्या कडेवर अंग चोरून बसे. अर्जदाराने पुस्तकाप्रमाणे कितीही समजूत घातली तरी ती ऐकत नसे. ‘माझं समाधान झालं नाही. उद्या परत येते,’ असे म्हणून उठे आणि लगेच मावशी होऊन पोळपाट घेई. तिची एक तक्रार वरचेवर येई : ‘साहेब, ओझं घेऊन जिना चढताना दम लागतो. खालच्या मजल्यावर काम द्या.’ त्यावर अर्जदार ‘आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे,’ असे उत्तर देई. मावशी हसे. अर्जदारही हसे. ही तक्रार खरी होती, हे अर्जदाराला नंतर धुलाई विभागाच्या मुकादम बाईंकडून कळले.

परीक्षेच्या दिवशी अर्जदार व्यवस्थापन विभागाच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. तिच्या आधी दोन विद्यार्थी होते. मुकादम बाईंचा फोन आला : ‘मावशी जिन्यात पडल्यात. तू ये. घाई करू नकोस, पण ये.’ घाई करू नकोस म्हटल्यावर अर्जदाराला समजायचे ते समजले. मावशी रुग्णालयातच कामाला असल्यामुळे तिला दूर न्यावे लागले नव्हते, एक अंगण तेवढे ओलांडायचे होते. तरी उपयोग झाला नाही. तिच्या अंगावर चादर घातली होती आणि त्या चादरीची घडी उलटी पडलेली होती, एवढे अर्जदाराच्या लक्षात आले. त्या वेळी दुसरे काही लक्षात आले नाही. अर्जदाराला रडू आले नाही. अद्याप आलेले नाही.

त्यानंतर अर्जदाराने पहिला अर्ज केला. निकटच्या नात्यात मृत्यू झाल्यास परीक्षा पुन्हा घेता येते, असा नियम आहे. परंतु निकटची नाती म्हणजे आई, वडील, पती, पत्नी, अपत्य आणि सख्खी भावंडे, असे कार्यालयाने कळवले. ज्यांच्याकडे अर्जदार समानुभूती हा धडा शिकली, त्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, ‘मला तुझं समजतं गं, पण यादी माझ्या हातात नाही.’ त्यांचेही बरोबर आहे. खिडकीवरील लिपिक चष्मा कपाळावर सारून म्हणाले, ‘बाई, आई लिहिलं असतंत तर एव्हाना काम झालं असतं.’

अर्जदार म्हणाली, ‘आई आहे.’

‘तीच तर अडचण आहे,’ लिपिक म्हणाले. मग त्यांनी मार्ग सांगितला. जन्मदात्या आईने समक्ष येऊन सांगावे की मुलीला मी वाढवले नाही, बहिणीने वाढवले. तसे झाल्यास मावशीला पालक मानण्याचा विचार होऊ शकेल.

अर्जदार आईकडे गेली. त्या घरी ती वर्षातून एखाद्या वेळी जाते आणि आईला मावशी म्हणते. दार आईच्या यजमानांनी उघडले. ते चष्म्याच्या दुकानात काचा बसवण्याचे काम करतात आणि स्वभावाने मऊ आहेत. त्यांनी अर्जदाराला पंख्याखाली बसवले व सांत्वन केले. ‘आईवेगळी झालीस, पोरी. पण असं बघ, माय मरो पण मावशी जगो, असं जुनी माणसं म्हणायची. तुझी मावशी आहे की ही.’ आई त्या वेळी पाण्याचा पेला घेऊन उभी होती. पेला तिने अर्जदाराच्या हाती दिला, तो अर्जदाराने रिकामा केला. महोदय, म्हणजे त्या घरात अर्जदाराची आई वारलेली होती आणि मावशी जिवंत होती. आपल्या कार्यालयात मावशी वारलेली आहे आणि आई जिवंत आहे. दोन्हीकडे सहानुभूती होती.

आई तिला सोडायला जिन्यापर्यंत आली. अर्जदाराने काम सांगितले. आई बराच वेळ कठड्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘इतकी वर्षं झाकलं. आता ह्यांना कोणत्या तोंडानं सांगू? तुझं वर्ष जाईल का?’

‘जाईल,’ अर्जदार म्हणाली.

‘बघ, दुसरं काही होतंय का ते,’ आई म्हणाली आणि वर गेली. अर्जदाराला तिचा राग आला नाही. यायला हवा होता, असे वाटते.

मधल्या काळात रुग्णालयाच्या मनुष्यबळ अधिकाऱ्याने वसाहतीतील खोली रिकामी करण्याविषयी पत्र दिले. पत्राची भाषा अतिशय सभ्य होती. तो अधिकारी आपल्याच विद्यापीठाचा माजी विद्यार्थी असल्याचे त्याने आपणहून सांगितले. अर्जदाराला एका कंपनीने प्रशिक्षणार्थी म्हणून निवडले आहे, पण निकाल लागल्याशिवाय तिला तेथे रुजू होता येत नाही.

शेवटी अर्जदाराने नाद सोडला आणि पुढील वर्षी परीक्षेस बसण्यासाठी नाव नोंदवायला ती खिडकीपाशी आली. रांगेत पुढे आई उभी दिसली. मागे यजमान होते, हातात आईची पिशवी. भाचीच्या कामासाठी विद्यापीठात जायचे आहे, एवढेच आईने त्यांना सांगितले होते. तिला बसचे नंबर समजत नाहीत, म्हणून ते बरोबर आले होते.

आईचा नंबर आला. लिपिक म्हणाले, ‘बोला.’ आईने दोन्ही हातांनी खिडकीची फळी धरली आणि पाठ केल्यासारखे सांगितले, ‘ती मागे उभी आहे ती माझी मुलगी. जन्म मी दिला. वाढवलं माझ्या ताईनं. ताई गेली. पोरीची परीक्षा घ्या.’ आईने मागे वळून पाहिले नाही.

लिपिकांनी चष्मा कपाळावर सारला. मग म्हणाले, ‘असं नुसतं तोंडी चालत नाही, बाई. निदान साक्षीदार तरी हवा. कोणी आहे का?’

यजमानांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्यांनी हे त्याच क्षणी पहिल्यांदा ऐकले होते, हे आपण लक्षात घ्यावे. ते म्हणाले, ‘मी आहे.’

लिपिकांनी विचारले, ‘आपलं नातं?’

त्यांनी आईकडे पाहिले नाही. अर्जदाराकडे पाहिले आणि म्हणाले, ‘हिच्या आईचा नवरा.’

लिपिकांनी लेखणी खाली ठेवली व साहेबांना सगळे सविस्तर लिहिण्याची, वर संदर्भात नमूद केलेली सूचना दिली. त्यांना आणखी काही करणे शक्य नव्हते.

तिघे बसथांब्यावर आले. घराकडे जाणाऱ्या बसेस आल्या आणि गेल्या, कोणी चढले नाही. यजमान आईपासून चार पावले दूर उभे राहिले. आई रस्त्याकडे पाहत होती. मग यजमानांनी अर्जदाराला विचारले, ‘खोली कधी सोडायची आहे?’ अर्जदाराने सांगितले. ते म्हणाले, ‘टेम्पोवाला ओळखीचा आहे. सामान बांधून ठेव.’ आणि पुढची बस आली तेव्हा त्यांनी आईला आधी चढू दिले. घरी गेल्यावर त्या दोघांत काय झाले ते अर्जदाराला माहीत नाही. तिने विचारलेले नाही. ठरल्या दिवशी टेम्पो मात्र आला. त्यात यजमान होते आणि त्यांचे व आईचे दोन मुलगे होते. धाकट्याने गादी डोक्यावर घेत विचारले, ‘तुला आता काय म्हणायचं?’ थोरला म्हणाला, ‘ताई म्हण. उचल आता.’

तरी महोदयांना विनंती की, वरील हकिकतीचा विचार करून अर्जदाराची तोंडी परीक्षा पुन्हा घ्यावी. परीक्षक कोणतीही तक्रार घेऊन आले तरी चालेल. जिन्याची तक्रार आल्यास अर्जदार काय उत्तर देईल हे तिला आज सांगता येत नाही, परंतु ‘नोंद घेतली’ असे ती म्हणणार नाही. परीक्षा घेता येत नसेल तर तसेही स्पष्ट कळवावे.

अर्जदाराचा पूर्वीचा पत्ता आता रद्द झाला आहे. उत्तर पाकिटावर लिहिलेल्या नव्या पत्त्यावर पाठवावे. अर्जदार घरी नसली तरी दार उघडेल त्याच्या हाती द्यावे. उघडे पत्र असले तरी हरकत नाही. त्या घरात आता सर्वांना माहीत आहे.

उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
अर्जदार
अंतिम वर्ष, व्यवसाय व्यवस्थापन

दिनांक : १४ जून

सोबत : १) मावशीच्या मृत्यूचा दाखला. २) आपल्या कार्यालयाच्या उत्तराची प्रत. ३) आई व साक्षीदार यांचे म्हणणे तोंडी असल्याने जोडता आलेले नाही. बोलावल्यास दोघेही येतील.