बाबांच्या रजेचा इंग्रजी अर्ज

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आता वाकत असेल आणि तुमचा खोकला हटला असेल, अशी आशा करते. इकडे सगळे ठीक आहे असे पुढे लिहायचे असते, पण या वेळी तेवढे त्राण उरलेले नाही.

बाबांच्या डोळ्याचे ऑपरेशन उत्तम झाले. नोकरी मात्र गेली, आणि ती मी घालवली. (आजवर बाबा फोरमनला 'उद्या येत नाही' एवढे तोंडी सांगत, आणि तेवढ्यावर खोक्यांच्या कारखान्यात कटिंग मशीनवर सव्वीस वर्षे टिकले.) नव्या मॅनेजरांना सगळे लेखी लागते, म्हणून अर्ज घरातल्या पहिल्या पदवीधराकडे, म्हणजे माझ्याकडे आला. म्हटले, इंग्रजीतच देऊ, वजन पडते. रजेला लीव्ह म्हणतात हे कोणालाही ठाऊक असते. मी लिहिले, 'आय विश टू लीव्ह फ्रॉम मंडे.' आठ दिवसांचा उल्लेख डॉक्टरांच्या चिठ्ठीत होताच, तो पुन्हा करणे मला पाल्हाळ वाटले. ती चिठ्ठी बाबांनी खिशातच ठेवली, दवाखान्यात दाखवावी लागेल म्हणून.

शनिवारी कारखान्यात बाबांना मधल्या खुर्चीवर बसवून फोटो काढला. मॅनेजर इंग्रजीत दोन शब्द बोलले आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. बाबा हरखून घरी आले. आईला म्हणाले, "एका डोळ्यासाठी एवढं करतात, बघ. दोन्हींचं असतं तर कपाट दिलं असतं." आई म्हणाली, "माझ्या ऑपरेशनला तुम्ही हात हलवत आला होतात." नवव्या दिवशी ते काळा चष्मा लावून कामावर गेले, तर मशीनवर दुसराच माणूस.

मग मी शब्दकोश घेऊन मॅनेजरांकडे गेले आणि अर्धा तास समजावले. लीव्ह हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. रजेचा लीव्ह परवानगीतून आला आणि त्याचे जुने नाते 'प्रिय' या अर्थाच्या शब्दाशी आहे. निघून जाण्याचा लीव्ह दुसऱ्याच कुळातला, त्याचा आधीचा अर्थ 'मागे राहू देणे'. तेव्हा मूळ धरून पाहिले, तर बाबा प्रेमाने परवानगी मागून मागेच राहिले होते. मॅनेजरांनी कपाळ चोळले. "ताई, व्युत्पत्ती राहू द्या. वडिलांना काम करायचंय, एवढंच साध्या मराठीत लिहून आणा. पुढच्या गुरुवारपर्यंत. मशीनवरच्या नव्या माणसाला मी पॅकिंगला हलवतो."

बाबा रोज सकाळी डबा भरून घेतात आणि दुपारी घरातच उघडून खातात. मामा, शब्द नीट कळले तर माणसांची निम्मी भांडणे मिटतील, असे मला अजूनही वाटते. पण आता फार दमले आहे.

मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. : तो मराठी अर्ज तुम्ही येऊन लिहून द्याल का? मी लिहिते म्हटले, तर बाबांनी हातातले पेनच काढून घेतले. म्हणाले, "मामाला बोलव. सातवीच शिकलाय, भलतंसलतं लिहिणार नाही." बुधवारपर्यंत याच.

दुसरा ता. क. : आमच्या ताईच्या येत्या लग्नासाठी तुम्ही माझ्याकडून रजेचा इंग्रजी अर्ज लिहून नेला होतात. तो अजून दिला नसेल, तर देऊ नका. दिला असेल, तर बुधवारपर्यंत थांबायचे कारण नाही, तुम्ही आता मोकळेच असाल.