रिंकूला काट्यावर बसवलं

पिपरी मेघे, मंगळवार

सौ. विमल हिस,

आपली वर्षाली रांगत्या वयात पितळी वाटीवर चमचा वाजवायची, तो टणटण आवाज कालपासून माझ्या कानात घोळतो आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

इकडे वर्षालीच्या घरी सगळं ठीक. एकच अपराध कबूल करायचा आहे. फोनवर हिंमत झाली नाही. तान्ह्या लेकराला तोललं की दृष्ट लागते, ही तुझी ताकीद मोडून मी आपल्या नातीला अंगणवाडीत काट्यावर बसवलं. आठ महिन्यांची रिंकू, अन् भरली फक्त सहा किलो. खुळखुळा हातात दिला तरी धरत नव्हती.

अंगणवाडीच्या सखूताई म्हणाल्या, "आजोबा, अंग भरलं नाई तं डोक्सं बी मागं राह्यते. वरण-भात कुस्करून तूप टाका, अन् तिच्यासंग बोलत राहा."

"बोलाचं काम बाबायलेच द्या," वर्षाली हसली. "कविता ऐकवून पोरीले झोपवून देतीन!"

तीन आठवडे झाले. मी घास भरवतो आणि चौथीतल्या कविता म्हणतो. ती माझ्या ओठांकडे अशी पाहते, जणू तिथून पाखरं उडताहेत. काल कडव्याच्या शेवटी मी थांबलो, तर तिनं वाटीवर चमचा आपटला. तोच आवाज, विमल!

उद्या पुन्हा वजन आहे. हे पत्र दुपारच्या एस.टी.नं पाठवतो, तुझा होकार फोनवर कळव; त्याशिवाय वर्षाली धजणार नाही. रागावली नाहीस ना?

थांब, फाटक वाजलं. अगं, दारात तूच! काखेत भाजक्या मुगाच्या पिठाचा डबा, आणि म्हणतेस, "वर्षालीनं सांगतलं मले सारं. सरका बाजूले. उद्या काट्यावर मीच बसवतो तिले."