माझ्या नावाची मूठ

धुळे, आषाढ वद्य दशमी, १९८९

सौ. मंजुळेस, कानबाईच्या कृपेने मी बरा आहे.

धडधड कमी झाली, झोपही लागते. मागे आपल्याकडच्या दवाखान्यातून "तुम्ही वेडे नाही, घरी जा" म्हणून परत पाठवलं होतं, ते इथल्या डॉक्टरांना सांगितलं. ते हसले. "भाऊ, काटा रुतला तर पाय पिकायची वाट बघता का? उदासीलाही औषध असतं." गोळ्या घेतो. तू बांधलेला गंडाही हातात आहे.

तुझी कंबर कशी आहे? जेवतेस ना वेळेवर?

कानबाईच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मूठ मूठ गहू घेशील, तेव्हा यंदा माझी मूठ धरू नकोस, असं मी निघताना बोललो होतो. ते मनातून काढ. माझी मूठ घाल. रोट खायला मी येतो.

देव्हाऱ्याला माझा नमस्कार सांग.

सुकदेव