कळलंरावांच्या मागे काय राहावे

मी, वय वर्षे एकाहत्तर, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, गल्लीत 'कळलंराव' या नावाने ओळखला जाणारा, डोके ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो. टोपणनाव गिऱ्हाइकांनी दिले. ते तक्रार सांगू लागत, आणि मी दुसऱ्याच शब्दाला 'कळलं, कळलं' म्हणून त्यांना गप्प करी. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक मशीनला टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि चाक फिरवायचे. दुखणे कुठे आहे ते मशीन स्वतः सांगते. माणसांच्या बाबतीत मी कान न लावताच निदान करीत आलो.

कलम एक. दुकानामागची राहती खोली आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीला. तिच्या आईचे मशीनही तिलाच. तिची आई म्हणायची, तुमच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, ती निदान मधे तोंड घालत नाही. तिला जाऊन सहा वर्षे झाली. ती असे म्हणायची तेव्हा मी हसायचो.

कलम दोन. दुकान, हत्यारे व तो स्क्रूड्रायव्हर पुतण्याला. त्याने माझी चांगली पक्कड नेली ती आजतागायत परत आणलेली नाही, आणि कानाने तो ठार दगड आहे. पण रक्ताचा आहे, आणि हे काम पुढे नेणारे दुसरे कोणी नाही.

कलम तीन. हे कलम मालमत्तेचे नाही. शाळा सुटली की मुलगी दुकानात माझ्याशेजारी बसायची. सोळाव्या वर्षी तिचा कान माझ्याहून तिखट होता. कॉलेज संपल्यावर एका दुपारी ती म्हणाली, "बाबा, मला दुकानात..." मी मान वर न करता म्हटले, "कंटाळा येतो. कळलं." पंधरा दिवसांत ओळखीने तिला परगावी विमा कचेरीत चिकटवले आणि पोरीचे भले केले म्हणून गल्लीभर मिरवलो. ती गेली. त्याला अकरा वर्षे झाली. दर आठवड्याला फोन करते, बरी आहे म्हणते आणि ठेवते. ते वाक्य पुढे काय होते, हे मी कधी विचारले नाही. आता ते रोज आठवते आणि स्वतःचाच संताप येतो. पोरी, माझे चुकले.

इथवर लिहून साक्षीसाठी शेजारच्या छापखानेवाल्यांना बोलावले. वाचून ते म्हणाले, "अहो, पण हे..." मी म्हटले, कळलं, कोर्टात टिकणार नाही. ते म्हणाले, तसं नव्हतं म्हणायचं मला. तेव्हा मी पेन खाली ठेवले.

ते म्हणाले, "हे तिला तुम्ही मेल्यावर कशाला सांगताय? दोघंही धडधाकट आहात. फोन करा."

कलम चार, फोननंतर लिहिलेले. मी तिला विचारले, त्या दुपारी तू काय सांगत होतीस. ती म्हणाली, "बाबा, मला दुकानात..." आणि थांबली. पुढचे मी बोलणार म्हणून थांबली. ही सवय मीच तिला लावली. तोंडाशी आलेले शब्द मी गिळले. तेव्हा ती म्हणाली, "बसायचं होतं. तुमच्या शेजारी, कायमचं."

मी रडलो. ते लिहायची लाज वाटत नाही. मग विचारले, आणि आता? ती म्हणाली, आता मलाच माहीत नाही, बाबा, फार वर्षं गेली. रविवारी येते, मग सांगते.

सबब कलम दोन खोडले असून त्या जागी काही लिहिलेले नाही. तिचे नाव घालायला हात शिवशिवतो आहे, पण उत्तर तिचे आहे. छापखानेवाले म्हणतात, कोरे कलम ठेवून सही करू नये, कारण पुढे त्यात कोणीही काहीही भरेल. हे त्यांचे म्हणणे मी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

साक्षीदार:
१. शेजारचे छापखानेवाले. रविवारी पुन्हा येतो म्हणाले.
२. माझी थोरली बहीण. तिला अजून विचारायचे आहे.

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, गुरुवार

लिहून ठेवणाराची सही: रविवारी, तिचे बोलून झाल्यावर.