मामांचा नारळ आणि आमचं धरण

तीर्थरूप आदिनाथमामांच्या चरणी भाचा गहिनीनाथ याचा साष्टांग दंडवत. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. (दरवेळी ‘खुशाल आहोत’ असं लिहितो, पण यंदा जिवंत असण्याचंच मोल जास्त वाटतंय.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी केजच्या बाजारातून आणलेलं तेल लागू पडलं का? पडलं नसेल तर मामींना सांगू नका, दुसरी बाटली आणतील. आता चष्मा लावा आणि भिंतीला टेकून बसा. मामा, तुमच्या भाच्याने गाव वाचवलं! आणि ते तुमच्या नारळामुळे.

तुम्ही पाणी शोधायला आमच्या धरणाखालच्या रानात तळहातावर नारळ ठेवून फिरला होता आणि बांधाच्या पायथ्याशी तो ताडकन उभा राहिला होता, ते तुम्ही विसरला नसालच. तिथं विहीर पाडली आणि तेव्हापासून भर उन्हाळ्यातही तिचं पाणी हटलं नाही. चौसाळ्याचे लोक बघायला यायचे. मी कठड्यावर बसून तुमचं नाव सांगायचो (आणि थोडं माझंही). पण या पावसाळ्यात धरण काठोकाठ भरलं तसं विहिरीचं पाणी गढूळ व्हायला लागलं. वनमालाची कुरकुर सुरू झाली की पांढरं धोतर धुतलं की भगवं निघतं, लोक म्हणतील नवऱ्याने संन्यास घेतला. मी तिला समजावलं, हे जमिनीचं सत्त्व आहे, हाडांना चांगलं असतं. ती म्हणाली, ‘‘मग तुमीच प्या की.’’ म्हणून मी चार दिवस प्यायलो. पोटाचं वर्णन पत्रात करण्यासारखं नाही.

त्यातच सरकारचं पत्र आलं की जुन्या धरणांची तपासणी होणार आणि योगिता मॅडम नावाच्या इंजिनिअर येणार. आमचे सरपंच विजयसिंह यांना साहेब लोक येणार म्हटलं की सजावटच सुचते. त्यांनी रस्त्यावरून दिसेल तेवढ्या बांधावरच्या बाभळी तोडल्या, तेवढ्याच दगडांना चुना मारला आणि मधोमध कमान उभारली. बाई जीपमधून उतरल्या, हार हातातच घेतला आणि सरळ बांधाच्या पलीकडच्या बाजूला चालायला लागल्या. तिकडे बाभळींचं रान माजलेलं! विजयसिंह मागून ‘‘म्याडम, इकडून फोटू चांगला येतोय’’ म्हणत पळत होते. मग मॅडमनी पाणी सोडायच्या गेटचं चाक कुठे आहे ते विचारलं. ते जाग्यावर नव्हतं. चोरीला जाऊ नये म्हणून विजयसिंहांनीच ते घरी नेऊन ठेवलं होतं, आणि सध्या त्याला दोन शेळ्या बांधलेल्या होत्या.

एवढ्या अपमानानंतर गावाची अब्रू राखायला कुणीतरी पुढे व्हायला हवं होतं. मी झालो. म्हटलं, मॅडम, आमची विहीर बघा, जिल्ह्यात अशी नाही. त्यांना घरी आणून तांब्याभर पाणी दिलं. त्यांनी ते पेल्यात ओतलं, उजेडात धरलं, तळाला बसलेली माती बोटाने चोळली आणि विचारलं, हे असं कधीपासून? मी सत्त्वाचं सांगायला लागलो, तोवर बाई पळत सुटल्या होत्या. मामा, सरकारी अधिकारी पळताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

झालं होतं असं, की धरणाचं पाणी बांधाच्या पोटातून झिरपत आमच्या विहिरीत येत होतं. नितळ येतं तोवर फारशी भीती नसते, पण गढूळ आलं म्हणजे पाणी बांधाची माती खात खात येतंय. असंच चाललं तर एक दिवस बांध बसतो, आणि बांधाखाली आमचं घर, त्याखाली शाळा, त्याखाली सगळं गाव. विहिरीच्या वरच्या अंगाला, बांधाच्या पायथ्याशी मॅडमना गढूळ पाण्याचं भोक सापडलं. लोक गोधड्या आणि चिखल घेऊन ते बुजवायला धावले. मॅडम ओरडल्या, बुजवू नका, दुसरीकडून फुटेल! आधी वाळू टाका, वर खडी टाका, पाणी निघू द्या, माती अडवा. आणि गेट उघडून धरण खाली करा. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, तुमची विहीर मात्र आटेल.

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मामा, त्या विहिरीवर माझा लई जीव होता. वनमाला शाळेकडे बघत उभी होती. मी म्हटलं, उघडा.

मग शेळ्या सोडल्या, चाक आणलं. गंजलेलं गेट चौसाळ्याच्या शफीभाईंनी डिझेल ओतून, हातोडे घालून आणि त्याला वाट्टेल ते बोलून उघडलं. ट्रॅक्टरवर वाळू आली, बायामाणसांनी टोपल्यांची रांग धरली आणि विजयसिंहांनीही डोक्यावर खडी वाहिली (फोटो काढून झाल्यावरसुद्धा!). पुढच्याच आठवड्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडला. सगळं गाव छत्र्या घेऊन बांधाखाली बघायला गेलं. वाळूतून पाणी येत होतं, आरशासारखं नितळ. बांध जागचा हलला नाही. मी तर चिखलातच नाचलो. परवा माझा सत्कार झाला, शाल दिली, नारळ दिला.

मामींना नमस्कार, लेकरांना पोटभर आशीर्वाद.

तुमचा, गाववाचव्या भाचा,
गहिनीनाथ

ता. क. गेट उघडंच आहे, त्यामुळे विहीर ठणठणीत कोरडी आहे. सत्काराचा नारळ फोडलेला नाही, देवळीत जपून ठेवलाय. तो घेऊन नवी जागा काढून द्या.

ता. क. २. या वेळी नारळ धरणापासून लांब उभा राहील असं बघा. मॅडमनी हद्द आखून दिली आहे.

ता. क. ३. मॅडमनी विचारलं, तुमचे मामा जागा ओळखतात कशी? मी छाती काढून म्हटलं, नारळाने. तर वनमाला मध्येच बोलली, ‘‘न्हाई ओ म्याडम, मामा आदी धरण बघतेत, मंग नारळ काढतेत. त्यांच्या समद्या हिरी धरणाखालीच हायत.’’ मी तिला डोळे वटारले, पण मॅडम खूश झाल्या. त्यांना त्या सगळ्या विहिरींचं पाणी बघायचंय. सोमवारी सकाळी त्यांची जीप तुमच्या दारात येईल. मामा, हात जोडून सांगतो, मागच्या दाराने निघून जाऊ नका. त्या विहिरींच्या खालीही शाळा असतील. धुतलेलं धोतर नेसा आणि पुढच्या सीटवर बसा.