ज्वालामुखीच्या पोटातली संकष्टी

२९ मे, कुकटपल्ली, हैदराबाद
आइसलंडची तिकिटे आली. माझ्या निवृत्तीनिमित्त मुक्ताने, आमच्या लेकीने, काढलेली. ती आणि जावईही येणार होते, पण तिला दिवस गेलेत आणि डॉक्टर प्रवासाला नाही म्हणाल्या. आधी दोनदा राहिले नाही, म्हणून घरात कोणी मोठ्याने बोलतही नाही. आता मी आणि बायको, दोघेच, टूरवाल्यांबरोबर. एक दिवस झोपलेल्या ज्वालामुखीच्या आत उतरायचे आहे. पैसे देऊन असल्या ठिकाणी का जातात, देव जाणे. मुक्ता म्हणते, "बाबा, लाइट घ्या." म्हणजे, मनावर घेऊ नका.

३१ मे
सुनंदाबरोबर बेगम बाजार. खजूर, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. घरी येऊन कालनिर्णयाचे पान उलटले. ज्वालामुखीच्या दिवशीच संकष्टी! सुनंदा मुक्तासाठी दर महिन्याला धरते. चंद्र दिसेपर्यंत पाण्यापलीकडे काही नाही, तेही मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना. या वेळी सोड म्हटले. ती लाडू डब्यात भरत राहिली. म्हणजे नाहीच.

४ जून, आइसलंड
इथे अंधारच पडत नाही. वर ढग. उद्या चंद्र कुठून आणणार? माझे घड्याळ अजून हैदराबादच्या वेळेवर आहे. म्हटले, घरी चंद्र उगवला की सोड. "आपण जिथे, तिथला चंद्र," सु. म्हणाली. विषय संपला.

५ जून
काळ्या दगडांवरून बरीच चाल. मग उघडा पाळणा, उंच इमारतींच्या काचा पुसायला सोडतात तसला. मी डोळे गच्च मिटून. तळाशी उघडले. भिंती जांभळ्या, पिवळ्या, कुठे कुंकवासारख्या. वरचे तोंड ताटलीएवढे. सुंदर होते, खोटे कशाला बोलू.
तेवढ्यात सु.चा हात लागला. गार, घामाने ओला. बोलणे जड. खिशात हॉटेलातल्या साखरेच्या पुड्या होत्या, लाडूही. घेईना. म्हणालो, "मुक्ताचा फोन आला होता. घरी चंद्र दिसला." घड्याळात तिकडची संध्याकाळही धड झाली नव्हती. माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग तोंड उघडले.

१० जून, घरी
सु. ठीक. मुक्ताला फोटो दाखवताना सगळे सांगते, लाडवाचे सोडून. मी देवाधर्मातला नाही. तरी झोप लागत नाही. मुक्ताचे काही कमीजास्त झाले तर सु. उपास मोडला म्हणून स्वतःलाच दोष देणार. मला दिला तर बरे.

२२ जून
मुक्ताला थोडे रक्त गेले. झोपून राहायला सांगितलेय. सु. देवासमोर. खरे सांगून टाकावे म्हणून दोनदा दारापर्यंत गेलो, दोनदा परत. भित्रा माणूस मी.

५ जुलै
आज परत संकष्टी. आणि मुक्ताची सोनोग्राफी. दोघी कोठी भागातल्या दवाखान्यात. माझा डबा ओट्यावर, तसाच. सकाळचा चहाही घेतला नाही. का, ते लिहवत नाही...
आत्ता सु.चा फोन. नंबर आलाय, आत चाललोय. मग म्हणाली, "जेवला नाहीत ना? जेवून घ्या. त्या दिवशी तुमचा फोन माझ्याच पर्समध्ये होता. तुमचा चेहरा बघवेना, म्हणून खाल्लं."
ठेवला.
डबा उघडलेला नाही. गच्चीवर येऊन बसलोय. फोन मांडीवर. पूर्वेला ढग आहेत.